गोवा आडवा पाहावा

गोव्याला जाणारे बहुतेक जण गोवा उभा पाहतात. कळंगुट, बागा, हणजूण, वागातोर, हरमल अशी वरची रांग संपवायची, मग एक दिवस काढून खाली कोलवा आणि पाळोळे. नेहमी सांगितला जाणारा आकडा धरला तर किनारा शंभर-सव्वाशे किलोमीटरच्या आतला. चार दिवसांत तो वरून खाली सहज पालथा घालता येतो. पण या वाटेवर समुद्र सात वेळा भेटतो आणि सातही वेळा जवळपास तोच असतो. बदलते ती फक्त गर्दी. गोव्याचं रूप पालटतं ते पश्चिमेकडून पूर्वेकडे जाताना. वाळू, माड, नदीचं मुख, खाजण, चिऱ्याचा म्हणजे जांभ्या दगडाचा सडा, पोफळीची कुळागरं (बागा) आणि शेवटी सह्याद्री, एवढं सगळं साठेक किलोमीटरच्या रुंदीत बसलेलं आहे. इतिहासही याच आडव्या रेषेवरून सरकला. तेव्हा सहल आखताना नकाशा हातात घेऊन किनाऱ्याला समांतर रेघ मारण्याऐवजी एखादी नदी धरावी आणि तिच्या कडेकडेने आत जावं.

आधी उतरायचं कुठे ते ठरवू, कारण अर्धी सहल इथेच फुकट जाते. गोव्यात दोन विमानतळ आहेत. दाबोळी मुरगाव तालुक्यात, राज्याच्या मधोमध. मोपा पेडणे तालुक्यात, महाराष्ट्राच्या हद्दीला लागून. तिथून 2023च्या जानेवारीत उड्डाणं सुरू झाली. तिकीट काढताना दोन्ही ‘गोवा’ म्हणूनच दिसतात. काणकोणात राहायचं ठरवून मोपाला उतरलात, तर सगळा गोवा ओलांडायला तीन तासांची तयारी ठेवावी लागते. रेल्वेचंही तसंच. मडगावला सगळ्या गाड्या थांबतात, म्हणून सगळे मडगावचं तिकीट काढतात. पण हरमल-मांद्र्याला पेडणे किंवा थिवी, म्हापसा-हणजुणेला थिवी, पणजी आणि जुन्या गोव्याला करमळी आणि पाळोळे-आगोंदला काणकोण सोयीचं. पावसाळ्यात कोकण रेल्वेचं वेळापत्रक वेगळं असतं, गाड्या सावकाश धावतात. हॉटेलची वेळ त्या हिशेबाने सांगावी.

मुक्काम एकाच ठिकाणी ठेवून रोज दुसऱ्या टोकाला जाऊन येणं हा वेळ घालवण्याचा खात्रीचा मार्ग. गोव्यात अंतर किलोमीटरमध्ये मोजून उपयोग नाही. गावातले रस्ते अरुंद, वळणांवर चिऱ्याचे गडगे, मध्येच चर्चसमोरचा चौक. चाळीस किलोमीटरला सव्वा ते दीड तास धरावा. पाच-सहा दिवस असतील तर दोन मुक्काम करावेत, एक मांडवीच्या बाजूला आणि एक जुवारीच्या दक्षिणेला. पणजी-मडगाव ‘कदंब’ची, म्हणजे सरकारी बससेवेची, थेट बस उत्तम आहे. तिचं तिकीट स्टँडवरच्या खिडकीवर आधी घ्यायचं. बसमध्ये चढून वाहकाची वाट पाहत बसू नये. खेड्यांकडच्या बस संध्याकाळी विरळ होतात. दुचाकी भाड्याने घ्यायची तर पाटी काळी आणि अक्षरं पिवळी हवीत. पांढऱ्या पाटीची खासगी गाडी स्वस्तात मिळते, पण पोलिसांनी थांबवलं तर दंड चालवणाऱ्याच्या माथी येतो आणि अपघात झाला तर विमा हात वर करतो. हेल्मेट मागून घ्यावं. किनाऱ्याजवळच्या वळणांवर वाऱ्याने आलेली बारीक वाळू पसरलेली असते. त्यावर पुढचा ब्रेक दाबला की गाडी आडवी. भाड्याच्या स्कूटरवरून पडलेल्यांच्या ढोपरांची गोष्ट बहुतेक वेळा इथूनच सुरू होते.

आता समुद्र. तो टाळावा असं कोण म्हणेल? पण तो नीट पाहावा. कोकणातल्या माणसाला भरतीची वेळ काढायला कोष्टक लागत नाही. चालू तिथीला पाऊणने गुणायचं. षष्ठी असेल तर सहाची पाऊणपट साडेचार, म्हणजे भरती साडेचारच्या सुमारास, पहाटेही आणि दुपारीही. ओहोटी त्यापासून सहा तासांवर. हा हिशेब मुंबईकडे जास्त जुळतो. गोव्यात भरती साधारण तासभर आधी येते, तेवढा वजा करावा. अमावास्या-पौर्णिमेच्या उधाणाला पाण्याचा चढउतार दोन मीटरच्या आसपास जातो, अष्टमीच्या सुमाराला भांगाचं पाणी असतं आणि फरक बराच कमी. हे कळलं की बरंच काही सोपं होतं. हरमलहून मांद्रे, आश्वे, मोरजी अशी वाळूवरून लांब चाल ओहोटीलाच करायची. मध्ये खाडीचे फाटे आडवे येतात. ओहोटीला जिथून घोटाभर पाण्यातून जाता येतं, तिथे भरतीला कमरेएवढी ओढ असते. दक्षिणेला वेळसांव-माजोर्ड्यापासून मोबोरपर्यंत सुमारे 25 किलोमीटरची सलग वाळू आहे. तिथे ओहोटीला ओली, घट्ट पट्टी मिळते आणि पाय रुतत नाहीत.

बुडण्याच्या घटनांमागे बहुतेक वेळा लाट नसते, ओढ असते. लाटा किनाऱ्यावर पाणी आणून टाकतात. ते पाणी परत जायला वाळूच्या दांड्यातली एखादी खोलगट वाट शोधतं आणि तिथून जोरात बाहेर निघतं. ही वाट काठावरून ओळखता येते. दोन्ही बाजूंना लाटा फुटत असतात आणि मधला पट्टा मात्र शांत, जरा गडद दिसतो, त्यावरून फेस समुद्राकडे सरकत असतो. नवख्या माणसाला नेमकी तीच जागा सुरक्षित वाटते. ओढीत सापडलं तर काठाकडे सरळ पोहू नये. पट्टीचा पोहणाराही तिथे थकतो. किनाऱ्याला समांतर पोहत त्या पट्ट्यातून बाजूला व्हावं आणि मग लाटांबरोबर आत यावं. तेही जमत नसेल तर तरंगत राहून हात वर करावा. नदीच्या मुखाशी आणि खडकाळ टोकांच्या कडेला ही ओढ हमखास, म्हणून केरीचं टोक देखणं असलं तरी पोहायला वाईट. पाळोळेचा किनारा चंद्रकोरीसारखा वळलेला आणि उथळ. मुलांना घेऊन जायला तो बरा. शेजारचं आगोंद शांत दिसतं, पण तिथलं पाणी पाळोळेपेक्षा खट्याळ.

जीवरक्षक लाल-पिवळे बावटे लावतात, त्या दोन बावट्यांमध्येच पोहायचं. नुसता लाल म्हणजे पाण्यात उतरायचं नाही. सूर्यास्तानंतर जीवरक्षक पोहण्यावर लक्ष ठेवायला नसतात आणि दारू पिऊन पाण्यात उतरण्याची हुक्की नेमकी त्याच वेळी येते. जून ते सप्टेंबर समुद्र बंदच समजावा. सप्टेंबरअखेर पाऊस थांबतो, ऊन पडतं, पाणी निळं दिसू लागतं, पण तळची वाळू अजून जागेवर बसलेली नसते. पोहण्यासाठी यायचं तर नोव्हेंबर ते फेब्रुवारी. त्यातही नाताळ ते नवं वर्ष हा आठवडा सोडून दिला तर काही बिघडत नाही. दर चढतात आणि कळंगुटच्या रस्त्यावर गाडीपेक्षा माणूस आधी पोचतो.

मोरजी, मांद्रे, आगोंद आणि गालजीबाग या चार किनाऱ्यांवर ऑलिव्ह रिडले कासवं अंडी घालायला येतात. त्यांचा हंगाम पर्यटकांच्या हंगामातच येतो. वनखात्याने कुंपण घातलेला भाग दिसला तर तिथून लांब राहावं. रात्री मोबाईलचा प्रकाश वाळूवर मारू नये, कारण पिल्लं उजेडाच्या दिशेने चालतात. समुद्राऐवजी शॅकच्या दिव्याकडे निघालेलं पिल्लू सकाळपर्यंत टिकत नाही. किनाऱ्यावर गाडी घालणं, उघड्यावर दारू पिणं किंवा स्वयंपाक मांडणं यालाही दंड आहे. तो भरताना लोक आश्चर्यचकित होतात, याचं आश्चर्य वाटतं.

किनाऱ्यावरून आत वळलं की पहिली ओळख व्हायला हवी ती खाजणाची. पर्यटनाच्या पत्रकांत त्याला फारशी जागा मिळत नाही आणि माझ्या मते गोव्यातली सगळ्यात शहाणी गोष्ट हीच आहे. भरतीचं खारं पाणी मांडवी-जुवारीतून कित्येक किलोमीटर आत शिरतं. त्या पाण्याखालची जमीन गावकऱ्यांनी चिखल, चिरे आणि पेंढ्याचे बांध घालून अडवली, ती खाजण. बांधात ठरावीक जागी दार असतं, त्याला मानस म्हणतात. लाकडी झडपा अशा बसवलेल्या की भरतीचं पाणी बाहेरून रेटतं तेव्हा त्या आपोआप मिटतात आणि ओहोटीला आतलं पाणी दाबतं तेव्हा उघडतात. ना यंत्र, ना राखणदार. पावसाळ्यात पावसाच्या पाण्याने जमिनीतला खार धुऊन निघतो आणि खारं पाणी सोसणारं कोरगूट भात पिकतं. भात निघाल्यावर तिथेच मासे आणि कोळंबी, काही ठिकाणी मिठागरं. मानशीपाशी जाळं लावून मासे धरण्याच्या हक्काचा लिलाव होतो. हे सगळं गावाची मिळून असलेली गावकारी संस्था चालवी. पोर्तुगीज यायच्या आधीपासूनची ही व्यवस्था त्यांनी आपल्या नियमांत बांधली आणि तिला कोमुनिदाद म्हटलं.

आता बरेच बांध फुटलेले दिसतात. भात परवडत नाही म्हणून शेत पडीक राहतं आणि शेत नाही म्हणून बांधाकडे कोणी पाहत नाही. उंदीर-खेकड्यांनी केलेलं एक भोक वेळेत बुजवलं नाही तर भरती ते रुंद करत जाते. एकदा खारं पाणी आत मुरलं की पुन्हा भात घ्यायला पावसाळे खर्ची पडतात. काही ठिकाणी मासे जास्त मिळावेत म्हणून मानस मुद्दाम उघडी ठेवली जाते, त्याचाही परिणाम तोच. खाजण पाहायला दिवाडी आणि चोडण ही मांडवीतली बेटं सर्वांत सोयीची. पक्षी पाहायचे असतील तर चोडणच्या टोकाला सलीम अली पक्षी अभयारण्य आहे. तिथल्या कांदळवनात सकाळी जावं, भरती-ओहोटीची वेळ आधी काढून. चिखल उघडा पडला की पक्षी खाली उतरतात. डास मात्र भरतीचीही वाट पाहत नाहीत.

जुनं गोवं आणि दिवाडी हे एकाच दिवसात, याच क्रमाने करावं. सकाळी लवकर जुन्या गोव्याला पोचावं, म्हणजे बोम जेझू आणि से कॅथेड्रल सहलीच्या बस यायच्या आत पाहून होतात. रविवारी सकाळी मिस्सा असते, तेव्हा फिरणाऱ्यांनी थांबलेलं बरं. खांदे आणि गुडघे झाकलेले असावेत. बोम जेझू 1605 साली पूर्ण झालं. त्याच्या उघड्या तांबड्या चिऱ्याचे फोटो सगळे काढतात, पण ते मूळचं रूप नाही. बाहेरचा चुन्याचा गिलावा 1950च्या दशकात काढला गेला. चिरा सच्छिद्र दगड. गिलावा नसला की पाऊस पितो आणि हळूहळू झिजतो. शेजारच्या से कॅथेड्रलवर चुना आहे आणि तिथली भिंत शाबूत आहे. दोन इमारती समोरासमोर ठेवून पाहिल्या की जुन्या गवंड्यांना पावसाबद्दल काय कळत होतं ते दिसतं. से कॅथेड्रलचा एक मनोरा 1776 साली कोसळला, म्हणून दर्शनी बाजू लंगडी वाटते. टेकडीवरचा संत ऑगस्टीनचा भग्न मनोरा बरेच जण सोडून देतात, तसं करू नये.

तिथून व्हाइसरॉयच्या कमानीखालून उतरलं की दिवाडीची फेरीबोट. पायी चढणाऱ्याला तिकीट नसतं. दुचाकी फेरीवर घेताना उताराच्या ओल्या लोखंडी फळीवर सरळ जावं, वळू नये. बेट ओलांडून पलीकडे गेलं की दुसरी फेरी नार्व्याला सोडते आणि नार्व्याला सप्तकोटेश्वर आहे. कदंब राजांचं हे दैवत मुळात दिवाडीवर होतं. पोर्तुगीजांनी तिथलं देऊळ पाडलं तेव्हा देव नदीपलीकडे आणला गेला आणि नार्व्याचं देऊळ 1668 साली शिवाजी महाराजांनी बांधून घेतलं. दारावर तसा शिलालेख आहे. देऊळ लहान, कौलारू, गर्दीशिवायचं. देव ज्या पाण्यावरून गेला त्याच पाण्यावरून आपण फेरीने जातो आणि फोंड्यातली देवळं समजायला हा दहा मिनिटांचा प्रवास पुरेसा आहे.

कारण फोंड्याचीही गोष्ट हीच. पोर्तुगीजांनी किनाऱ्याकडचा तिसवाडी तालुका 1510 मध्ये घेतला, बार्देश आणि सासष्टी 1543 मध्ये. फोंडा त्यांच्या हाती यायला 18व्या शतकाचा उत्तरार्ध उजाडला. मधल्या काळात किनाऱ्याकडचे देव जुवारी ओलांडून फोंड्यात आले. मंगेश कुठ्ठाळीहून, महालसा वेर्ण्याहून, शांतादुर्गा केळशीहून, रामनाथ लोटलीहून. म्हणून एकाच तालुक्यात एवढी मोठी देवळं दाटीवाटीने उभी आहेत, आणि म्हणूनच ती दऱ्यांत, झाडीत, रस्त्यावरून चटकन न दिसणाऱ्या जागी आहेत. आजच्या इमारती बऱ्याचशा 18व्या शतकातल्या. घुमट मुसलमानी धाटणीचा, खिडक्या चर्चच्या, आत युरोपी झुंबरं, पुढे अष्टकोनी दीपस्तंभ आणि तळी. शत्रूच्या देवळाचा गवंडी आपल्या देवळाला लावायला कोणाला संकोच वाटला नाही.

पणजीकडून येताना आधी मंगेशी, मग लागून म्हार्दोळ (महालसा), पुढे फर्मागुडी ओलांडून नागेशी, रामनाथी आणि कवळे (शांतादुर्गा). अर्धा दिवस पुरतो, पण पाचही उरकायच्या मागे लागू नये. दोन निवांत बघावीत. नागेशीची तळी आणि तिथली रामायणाची लाकडी चित्रं मला मंगेशीच्या पायऱ्यांवरच्या दुकानांपेक्षा जास्त मोलाची वाटतात. अर्धी चड्डी चालत नाही. सोमवारी संध्याकाळी मंगेशीला पालखी निघते. तिच्यासाठी वेळ जुळवली तर देऊळ वास्तू म्हणून नव्हे, चालतं-बोलतं दिसतं. जत्रेच्या रात्री अनेक गावांत अजून मराठी नाटक लागतं, पहाटेपर्यंत, आणि गावकरीच नट असतात. मंगेशी हे दीनानाथ मंगेशकरांचं गाव. केसरबाई केरकर याच तालुक्यातल्या केरीच्या; त्यांची भैरवी 1977 साली व्हॉयेजर यानांच्या तबकडीवर अंतराळात गेली.

जेवणाचं वेळापत्रक समजून घेतलं नाही तर गोव्यात उपाशी राहता येतं. दुपारी एक ते चार गावं झोपतात, दुकानं मिटतात. नुस्त्याची, म्हणजे माशाची, थाळी साडेबारा ते दीडच्या दरम्यान गाठावी. दोन वाजता चांगला मासा संपून राहिलेला मासा सुरू होतो. सोमवारी बऱ्याच हिंदू घरांत आणि खाणावळींत मासे नसतात, श्रावणात तर नाहीतच. जून-जुलै यांत्रिक मासेमारी बंद. तेव्हा ‘ताजा इसवण’ (सुरमई) म्हणून पुढे येणारा मासा बर्फातला असण्याचीच शक्यता. त्या दिवसांत तिसऱ्या, खुबे, खाडीचे मासे किंवा सुक्या बांगड्यांची किसमूर मागावी. त्यांची चव तेव्हाच खरी असते. पोदेर, म्हणजे पाववाला, सकाळी आणि संध्याकाळी सायकलवरून भोंगा वाजवत येतो. त्याच्याकडून कोंड्याची पोई घ्यावी, गरम असतानाच. दुसऱ्या दिवशी ती चिवट होते.

काजूच्या बोंडांचा रस आंबवून एकदा गाळला की हुर्राक, तो पुन्हा गाळला की फेणी. हुर्राक फक्त मार्च ते मे, आणि तो टिकत नाही. डिसेंबरात कोणी बाटलीत विकत असेल तर तो हुर्राक नसतो, किंवा पिण्याजोगा नसतो. तो फेणीपेक्षा सौम्य आणि लिंबू-मिठाबरोबर भराभर जातो. उन्हात दोन ग्लासांनंतर उठल्यावर हिशेब लागतो. फेणीचा वास पहिल्या घोटाला सोसवत नाही, हे गृहीत धरूनच चाखावी.

तारखा ठरवताना पंचांग आणि चर्चचं कॅलेंडर दोन्ही जवळ असावीत. चवथीला, म्हणजे गणेशचतुर्थीला, पहिले दोन-तीन दिवस खाणावळी आणि बस दोन्ही कमी. पण कोणाच्या घरचं बोलावणं असेल तर गणपतीवर टांगलेली माटोळी जरूर पाहावी, रानातल्या फळा-फुलांचा तो वर्षाचा हजेरीपट असतो. 24 जूनला सांजाव, म्हणजे संत जॉनचा सण, तेव्हा लोक डोक्यावर फुलापानांचा मुकुट घालून विहिरीत उड्या मारतात. पणजीतल्या शिगम्याचे (शिमग्याचे) चित्ररथ झगमगीत असतात, पण घोडेमोडणी, म्हणजे घोड्याचं सोंग बांधून केलेला नाच, पाहायची तर डिचोली-सत्तरीतली गावं गाठावीत. इंत्रूज, म्हणजे कार्निव्हल, उपासाच्या बुधवारच्या आधीचे चार दिवस. पणजीतले रस्ते दुपारपासून बंद होतात, गाडी नदीपलीकडे ठेवावी.

पूर्वेचं टोक राहिलं. तांबडी सुर्लाचं महादेवाचं देऊळ कदंबकाळातलं, काळ्या दगडाचं, घाटाच्या पायथ्याशी झाडीत. आसपासचा सगळा दगड चिऱ्याचा असताना हा बेसॉल्ट कुठून आणला, हा प्रश्न तिथे उभं राहिल्यावरच नीट पडतो. जाताना पेट्रोल मोलेच्या आधी भरून घ्यावं, मोबाईलवर विसंबू नये आणि पावसात पायाला जळवा लागणार हे मान्य करूनच उतरावं. दूधसागरच्या पायथ्याशी जाणाऱ्या जीप कुळ्याहून सुटतात, साधारण ऑक्टोबरपासून. भर पावसात धबधबा सर्वांत मोठा असतो आणि नेमका तेव्हा तो रस्ता बंद असतो. सांगे तालुक्यातलं कुर्डी, गायिका मोगूबाई कुर्डीकरांचं गाव, साळावली धरणाच्या पाण्याखाली गेलेलं आहे. मे महिन्यात पाणी उतरलं की घरांची जोती वर येतात आणि पांगलेले गावकरी देवाच्या उत्सवाला परत जमतात. परतीची वाट बेळगावकडून असेल तर अनमोडचा घाट इथूनच जवळ, किंवा वर साखळीमार्गे चोर्ला. दोन्ही घाटांत पावसाळ्यात दरडी येतात आणि धुकं दुपारीही उतरतं, म्हणून निघण्याआधी रस्ता चालू आहे का ते मोले किंवा साखळीच्या नाक्यावर विचारून घ्यावं.